जुन्या संगणकासाठी ब्राउझर : विंडोज ७ पासून लिनक्स मिंटपर्यंतचे एक परीक्षण

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील संगणकाच्या दुकानात एखादा जुना डेस्कटॉप घेऊन गेलात आणि इंटरनेट फार हळू चालते अशी तक्रार केलीत, तर बहुधा दोन सल्ले मिळतात : फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकून घ्या, आणि एखादा हलका ब्राउझर वापरा. पहिल्या सल्ल्याने निदान काही आठवडे बरे जातात. दुसरा सल्ला मात्र ऐकायला सोपा असला तरी फारसा कामाचा नाही, कारण ब्राउझर स्वतः जितकी मेमरी घेतो त्याहून कितीतरी जास्त मेमरी त्यात उघडलेली पाने घेतात, आणि ती पाने कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडली तरी तेवढीच जड राहतात. म्हणून जुन्या यंत्रासाठी ब्राउझर निवडताना त्याचे वजन सर्वांत शेवटी पाहावे. त्या यंत्रावर त्याला सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात का, हे आधी पाहावे, आणि त्यानंतर त्यात जाहिराती मुळापासून रोखता येतात का, हे पाहावे. या दोन कसोट्यांवर उतरणारे ब्राउझर इतके थोडे आहेत की निवड जवळजवळ आपोआपच होते.

ज्या यंत्रांवर हे ब्राउझर वापरून पाहिले, ती कुठल्याही मध्यमवर्गीय घरात सापडतील अशीच आहेत. इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात ड्युअल कोअर प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा आणि विंडोज ७ चा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. माझी भाची मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी जो लॅपटॉप वापरते, त्यात तिसऱ्या पिढीचा कोअर आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. तिसरे यंत्र म्हणजे ॲटम प्रोसेसरचे एक नेटबुक. त्यात २ जीबी रॅम आहे आणि त्याचा प्रोसेसर ३२ बिटांच्या पलीकडे जातच नाही, म्हणजे हल्लीच्या ६४ बिटांच्या कार्यप्रणाली त्यावर चालत नाहीत. या यंत्रांवर होणारी कामेही नेहमीचीच आहेत : महापालिकेची घरपट्टी, वीजबिल, बँकेचे व्यवहार, सातबारा उतारा, लासलगावचे कांद्याचे भाव, मराठी बातम्या आणि यूट्यूबवरील कीर्तने व व्याख्याने.

मेमरी नेमकी कुठे जाते, हे ज्याला स्वतः पाहायचे असेल त्याने गूगलचा क्रोम किंवा मायक्रोसॉफ्टचा एज उघडून शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रत्येक टॅब किती मेमरी धरून बसला आहे ते ओळीने दिसते. फायरफॉक्समध्ये हीच सोय मेनूतील ‘मोअर टूल्स’ या पर्यायाखाली आहे. सातबारा दाखवणारे साधे पान आणि एखाद्या मराठी वृत्तवाहिनीचे मुखपृष्ठ शेजारीशेजारी उघडून ही यादी पाहिली, म्हणजे दोष कोणाचा ते वेगळे सांगावे लागत नाही. बातमी चार परिच्छेदांची असते, पण तिच्याभोवती आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, सरकत्या जाहिराती आणि वाचकाचा माग काढणाऱ्या बारीकसारीक स्क्रिप्ट यांचा जो गराडा असतो, त्यातच जुन्या प्रोसेसरची शक्ती संपते.

ब्राउझरही पूर्वीपेक्षा जड झाले आहेत, हे खरे आहे. मात्र त्यामागे आळस नसून कारण आहे. २०१८ च्या सुरुवातीला प्रोसेसरमधील ‘स्पेक्टर’ नावाची त्रुटी उघड झाली. एका टॅबमधील खोडकर पान दुसऱ्या टॅबमधील बँकेच्या पानाची माहिती वाचू शकेल अशी शक्यता तिच्यामुळे निर्माण झाली. त्यावर उपाय म्हणून क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रियेत, म्हणजे मेमरीतील वेगळ्या कप्प्यात, ठेवायला सुरुवात केली आणि त्यापायी मेमरीचा वापर साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढेल, असे गूगलने तेव्हाच सांगितले होते. फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये हीच वाट धरली. त्यामुळे एखादा ब्राउझर आश्चर्य वाटावे इतका कमी मेमरीत चालत असेल, तर त्याने ही भिंत उभारलेलीच नाही, असे होण्याचा संभव असतो.

आता विंडोज ७ कडे वळू, कारण नाशिकमधील कितीतरी सोसायट्या, दवाखाने, कृषी सेवा केंद्रे आणि छोटी वर्कशॉप अजून त्यावरच चालतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, आणि पैसे भरणाऱ्या संस्थांना मिळणारे वाढीव अपडेटही १० जानेवारी २०२३ ला संपले. त्यानंतर लगेच क्रोमने पाठ फिरवली. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० असल्याखेरीज क्रोम बसत नाही. एजचेही तेच झाले. अडचण अशी की क्रोम १०९ आजही उघडतो, पाने दाखवतो, फार तर वर एक सूचनेची पट्टी येते, आणि त्यामुळे वापरणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटतच नाही. सोसायटीच्या खजिनदार काकांचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता : “अहो, क्रोम चालतंय ना व्यवस्थित? मग बदलायचं कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर सप्टेंबर २०२३ मधील एका घटनेत आहे. वेबपी या चित्रांच्या स्वरूपाचे वाचन करणाऱ्या संगणकीय ग्रंथालयात, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या संचात, एक गंभीर छिद्र सापडले आणि त्याचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याचेही निष्पन्न झाले. हे ग्रंथालय क्रोम, फायरफॉक्स, एज अशा सगळ्यांतच वापरले जात असल्यामुळे सर्वांना घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली. वापरणाऱ्याने काही डाउनलोड करण्याची किंवा कशाला होकार देण्याची गरज नव्हती. मुद्दाम तयार केलेले चित्र पानावर दिसले तरी पुरेसे होते. अशी छिद्रे दरवर्षी सापडतात आणि ज्या ब्राउझरची आवृत्ती गोठली आहे त्याच्यात ती तशीच राहतात. ज्या संगणकावर देखभाल निधीच्या खात्याचा पासवर्ड टाकला जातो, त्यावर क्रोम १०९ ठेवणे म्हणूनच योग्य नाही.

विंडोज ७ वर उरतो तो फायरफॉक्सचा ११५ ईएसआर. ईएसआर ही फायरफॉक्सची संथ वाट आहे : नव्या सोयी तिच्यात येत नाहीत, मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. जुलै २०२३ मध्ये आलेली ही आवृत्ती विंडोज ७, ८ आणि ८.१ साठीची शेवटची असून, तिची मुदत फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने एकदा नव्हे तर अनेकदा वाढवली आहे. ती कायमची नाही, हे गृहीत धरूनच ती वापरावी. दुसरे असे की या ब्राउझरला अपडेट मिळाले तरी त्याखालच्या विंडोजला ते मिळत नाहीत. पुढच्या दाराला नवे कुलूप लावले आणि परसातील भिंत पडकीच राहिली, असा हा प्रकार आहे. तरीही उपलब्ध पर्यायांत हा सर्वांत बरा आहे, आणि तो आमच्या डेस्कटॉपवर क्रोमहून हळू वाटला नाही. उलट, जाहिराती रोखल्यानंतर तो स्पष्टपणे वेगवान वाटला.

जाहिराती रोखण्याचा हा मुद्दा या सगळ्या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा आहे. रेमंड हिल यांनी तयार केलेले ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे विनामूल्य ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी) पानातील जाहिराती नुसत्या लपवत नाही, तर त्या मागवण्याची विनंतीच अडवते. साहजिकच ते साहित्य डाउनलोड होत नाही, प्रोसेसरला ते चालवावे लागत नाही आणि मेमरीतही ते येत नाही. जुन्या यंत्रावर याचा परिणाम रॅम वाढवल्यासारखा जाणवतो. नाव लिहून शोधताना ‘ओरिजिन’ हा शब्द विसरू नये, कारण त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी ॲड-ऑनही आहेत. गूगलने क्रोममधील ॲड-ऑनची जुनी व्यवस्था टप्प्याटप्प्याने काढून टाकली आणि २०२५ च्या मध्यानंतर क्रोममध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन चालेनासे झाले. तिथे आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते; ती वाईट नाही, पण तिचे हात बांधलेले आहेत. फायरफॉक्समध्ये मूळ ॲड-ऑन पूर्ण ताकदीने चालते, आणि जुन्या संगणकाच्या बाबतीत फायरफॉक्सचे पारडे माझ्या मते याच एका कारणाने जड ठरते. ज्या वृत्तपत्रांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते त्यांच्यावर यात अन्याय होतो, ही टीका मला मान्य आहे. ज्यांच्या जाहिराती सोसवतात त्या स्थळांपुरते हे ॲड-ऑन एका बटणाने बंद ठेवता येते, आणि तसे अवश्य करावे.

फायरफॉक्स जुन्या यंत्रावर वापरणाऱ्यांनी त्याची आवृत्ती एकदा तपासून पाहावी. १४ मार्च २०२५ रोजी फायरफॉक्समधील एका मूळ प्रमाणपत्राची (ॲड-ऑन वगैरे अस्सल असल्याची खात्री पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत संपली, आणि १२८ पूर्वीच्या किंवा ईएसआर असल्यास ११५.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांवर ॲड-ऑन आणि इतर काही गोष्टी त्यानंतर अडू लागल्या. वर्षानुवर्षे अपडेट न केलेला फायरफॉक्स अचानक बिनसला असेल, तर कारण बहुधा हेच असते. प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगून ठेवतो. प्रत्येक स्थळ उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येत असेल, तर ब्राउझर बदलण्याआधी कोपऱ्यातील तारीख पाहावी. मदरबोर्डवरील गोल बटण-सेल संपला की संगणक दर वेळी सुरू होताना भलत्याच सालात जातो, आणि त्या तारखेला आजची प्रमाणपत्रे ग्राह्य ठरत नाहीत. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. एवढ्याशा कारणासाठी पूर्ण विंडोज मारून दिल्याची आणि त्याचे पैसे घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

विंडोज १० च्या लॅपटॉपवर निवड थोडी मोकळी आहे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी ब्राउझर इतक्यात साथ सोडणार नाहीत : विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर एजला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, आणि फायरफॉक्सही नजीकच्या काळात विंडोज १० सोडणार नाही, असे मोझिलाचे म्हणणे आहे. एज आधीपासूनच बसवलेला असतो, आणि वापरात नसलेले टॅब झोपवण्याची त्याची सोय ४ जीबीच्या यंत्रावर खरोखर उपयोगी पडते. मात्र नव्या टॅबमधील बातम्यांची गर्दी, खरेदीच्या सूचना आणि बाजूची पट्टी हे सगळे सेटिंगमध्ये जाऊन एकेक करून बंद करावे लागते, आणि त्यानंतरच तो वापरण्यालायक होतो. क्रोममध्येही मेमरी सेव्हर आहे, पण वर सांगितलेल्या कारणामुळे जुन्या यंत्रासाठी तो माझी पहिली निवड नाही.

ज्यांना क्रोमसारखाच ब्राउझर हवा आहे आणि ॲड-ऑन शोधत बसण्याची इच्छा नाही, त्यांच्यासाठी ब्रेव्ह चांगला. त्यात जाहिराती अडवण्याची यंत्रणा ब्राउझरच्या गाभ्यातच असल्यामुळे गूगलच्या नव्या नियमांची तिला झळ लागत नाही. क्रिप्टो वॉलेट, बक्षिसे आणि बातम्या ही त्यातील खोगीरभरती पहिल्याच दिवशी बंद करावी. घरातील ज्येष्ठांना काहीही न समजावता बसवून देता येईल असा हाच ब्राउझर आहे. भाचीच्या लॅपटॉपवर मी फायरफॉक्स ठेवला आणि तिने आठवडाभरात ब्रेव्ह बसवला. दोघांचेही चांगले चालले आहे.

पेल मून, सुपरमियम आणि तत्सम ब्राउझरांची नावे जुन्या संगणकांच्या चर्चेत वारंवार येतात. पेल मून हा २००९ मध्ये फायरफॉक्सच्या आधारे सुरू झालेला आणि पुढे स्वतंत्रपणे वाढलेला ब्राउझर आहे. तो सर्व टॅब एकाच प्रक्रियेत चालवतो, त्यामुळे मेमरी कमी लागते, पण एक पान अडकले की सगळेच अडकते आणि मघाशी सांगितलेली भिंतही त्यात नाही. ‘तुम्ही माणूस आहात का’ असे विचारणारी स्थळे त्याला कित्येकदा आतच घेत नाहीत. साधी, मजकूरप्रधान पाने वाचायला तो छान आहे. सुपरमियम हा क्रोमचा पाया घेऊन विंडोज एक्सपीपर्यंतच्या यंत्रांवर चालवलेला प्रयोग आहे; करामत म्हणून तो कौतुकास्पद आहे, पण मोजक्या हातांनी चालवलेल्या प्रकल्पावर बँकेचा पासवर्ड सोपवणे मला धाडसाचे वाटते.

मराठीच्या दृष्टीने पाहता फारसा फरक पडत नाही, ही समाधानाची बाब आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हीच यंत्रणा स्वतःबरोबर आणतात, त्यामुळे जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’मधील अर्धा र विंडोज ७ वरही नीट दिसतो. अक्षरांचे वळण मात्र संगणकातील फॉन्टवर अवलंबून असते, आणि विंडोज ७ मधील मंगल ज्यांना ठेंगणा वाटतो त्यांनी नोटो सान्स देवनागरी बसवून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तो निवडावा. फायरफॉक्सचे मेनू मराठीतही मिळतात. भाषांतर काही ठिकाणी अवघडलेले आहे, तरी इंग्रजीची सवय नसलेल्या माणसाला त्याचा आधार वाटतो.

यूट्यूबचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तिथे दोष ब्राउझरच्या माथी उगाच मारला जातो. यूट्यूब हल्ली व्हिडिओ शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपांत पाठवतो. इंटेलच्या बाबतीत बोलायचे तर व्हीपी९ स्वतः उलगडू शकणारी ग्राफिक्सची सोय सातव्या पिढीपासून नीट आली, आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीत. त्याआधीच्या यंत्रांत सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि कीर्तनकारांचा आवाज पुढे जाऊन चित्र मागे राहते. एच२६४ हे जुने स्वरूप मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची यंत्रेही ग्राफिक्सच्या बळावर सहज उलगडतात. ‘एच२६४इफाय’ या नावाचे छोटे ॲड-ऑन यूट्यूबला तेच स्वरूप पाठवायला भाग पाडते. ते बसवल्यावर आय३ च्या लॅपटॉपवर ७२० चे चित्र न अडखळता चालू लागले. या स्वरूपात १०८० च्या वरचा दर्जा मिळत नाही, पण चौदा इंची पडद्यावर त्याची उणीव कोणाला भासणार?

ज्यांना विंडोज ७ सोडणे शक्य आहे त्यांनी ब्राउझर बदलण्यापेक्षा लिनक्स मिंट या विनामूल्य कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मिंटची किमान गरज २ जीबी रॅमची आहे आणि ४ जीबी असावी अशी शिफारस आहे. २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि त्यात ताजा फायरफॉक्स आधीपासूनच असतो. पेनड्राइव्हवरून ती न बसवताही चालवून पाहता येते, म्हणून वायफाय आणि आवाज चालतो की नाही हे आधीच कळते. मिंटला ६४ बिटांचा प्रोसेसर लागतो, म्हणून त्याआधी कंट्रोल पॅनेलमधील ‘सिस्टिम’ पाहून घ्यावे. अनेक यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही दुकानदाराने ३२ बिटांचे विंडोज टाकलेले असते, आणि मग ४ जीबी रॅमपैकी काही भाग वापरलाच जात नाही. हार्ड डिस्कच्या जागी साधा एसएसडी बसवला, तर ब्राउझर उघडण्याच्या वेळेत जो फरक पडतो तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. या कामात मात्र दुकानदारांचा सल्ला अचूक असतो आणि ते काम ते तासाभरात करून देतात.

३२ बिटांच्या नेटबुकसाठी आता फारसे काही उरलेले नाही. डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली, आणि फायरफॉक्सने १४५ या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या लिनक्सला निरोप दिला. १४० ईएसआरला सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी अपडेट मिळतील, एवढाच काय तो दिलासा आहे. त्या नेटबुकवर आता मराठी टायपिंग आणि जुनी छायाचित्रे पाहणे इतकेच होते, बँकेचे पान उघडत नाही.

कोणताही ब्राउझर घेताना तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा कित्येकदा जाहिरात असतो, आणि त्यातून आलेला इन्स्टॉलर सोबत ‘पीसी स्पीडअप’सारखी बांडगुळे घेऊन येतो. जुन्या संगणकाला हलका करण्याचा दावा करणारी असली ‘ऑप्टिमायझर’ सॉफ्टवेअर सदैव पार्श्वभूमीत चालत राहून त्याला अधिकच जड करतात.

सोसायटीच्या डेस्कटॉपवर अखेरीस मिंट आणि विंडोज ७ दोन्ही ठेवावे लागले, कारण पावत्या छापणाऱ्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोजखेरीज कुठे चालत नाही. विंडोज ७ मध्ये इंटरनेट बंद केले आहे आणि तिथे फक्त छपाई होते. बँक, वीजबिल आणि घरपट्टी हे सगळे मिंटमधील फायरफॉक्समध्ये होते, आणि पावती छापायची झाली की संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, याबद्दल खजिनदार काकांची नाराजी अजून कायम आहे.